पाणवठा क्रमांक सतरा

बुद्धपौर्णिमा. मचाणावर मी आणि झिंगरू कुमरे.
खात्याचा तक्ता, दोन पेन्सिली,
चिवड्याची पुडी, पाण्याचा कॅन.
बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही.
जो येईल त्याची वेळ लिहायची,
नर, मादी की पिल्लू,
आणि शेवटी एक रुंद रकाना : शेरा.

खाली पाणी. कागदावर ते सतरा.
झिंगरूच्या तोंडात ते अजून बोडी,
आमडीहेटीची बोडी.
मी पुलगावची, परीक्षा पास होऊन आलेली,
मला ते सतराच ठाऊक.

सहा पन्नास. चितळं, अकरा.
सात वीस. रानडुकरं, मोजता मोजता पांगली.
मग ऐनाच्या खोडांवर चांदणं चढलं,
सगळ्या रानात मगरी उभ्या राहिल्यासारखं.
रातवा ठोकत बसला, एकाच खिळ्यावर.

नऊला सांबर आलं, एकटं.
झिंगरू कानाशी वाकला :
‘मॅडम, त्याचा मांगचा पाय हाये ना,
तेथी आमची ओसरी व्हती.’

नियम मोडलाच होता, तर मीही विचारलं,
नवं गाव कसं आहे?
‘बरं हाये. नळ येते, मोबाइल लागते.
पोरगी सायकलनं शाळेत जाते.
फक्त मोहफूल इकत घ्या लागते,
त्याची लाज वाटते.’

पणजा गोऱ्या साहेबासाठी हाका घालायचा,
डबा बडवत, आठ आण्यांवर.
आजा कूप तोडायचा. कोणाची आगगाडी
त्याच्या सागावरून गेली, त्याने पाहिली नाही.
बाप जाळरेषा काढायचा फाल्गुनात,
भुवया कायमच्या करपलेल्या.
‘आन् मी मोजतो,’ तो म्हणाला,
‘चारशे रुपये रोज.’

मग तारूची गोष्ट, पुटपुटत, तुकड्यातुकड्यात.
तारू आमच्यातलाच. वाघाशी भिडला,
तळ्याच्या काठी पडला,
झाडाखाली देव होऊन बसला.
‘वाघानं मारला म्हनून देव झाला,
का वाघापुढून पळाला नाही म्हनून,
हे माह्या बापालेबी मालूम नव्हतं.’
पौषात बैलबंड्या यायच्या, कोंबडं, नारळ, नवस.
आता फाटकाबाहेर त्याच्या नावाची टोपी मिळते,
आणि जिप्सीतून उतरलेले विचारतात,
ताडोबा दिसला का?

एक वाजता अस्वल. पिल्लू पाठीवर
विसरलेल्या गाठोड्यासारखं.
दोन ते तीन, काही नाही.
झिंगरू म्हणाला, ‘मलेबी लिवा.
कुमरे, नर, एक. पानी नाही पेला.’
मी हसले. लिहिलं नाही.

तीन चाळीसला रातवा थांबला.
वानर खाकरलं, एकदाच.
वाघीण बांबूतून निघाली नाही,
बांबूच थोडा पुढे आला.
पाण्याशी आली, वळली,
आणि पाठमोरी उतरली आत, कमरेपर्यंत,
एखादी बाई घाटाच्या पायरीवर बसावी तशी,
तोंड आमच्याकडे.
मला माझा श्वास शर्टाच्या बटणाला घासताना ऐकू आला.
झिंगरूने चपला कधीच काढल्या होत्या.
हात जोडले होते की थरथर दाबत होता,
मला कळलं नाही.
ती वीस मिनिटं बसली. त्याच्या म्हशीच्या जागी,
हे त्याने नंतर सांगितलं.

एक. मादी. पेन्सिलीचं टोक मोडलं.

उजाडल्यावर उतरलो.
तो सरळ गाडीकडे आला नाही.
रानतुळशीत घुसला, गुडघाभर,
तिथे एक एडनिंबू उभा, कोणी न लावल्यासारखा,
पिवळी फळं खाली कुजलेली.
गाभा क्षेत्रातून काहीही नेण्यास मनाई आहे,
हे त्याला माझ्याआधीपासून माहीत.
त्याने एक पान तोडलं,
तळव्यावर चोळलं, नाकाशी धरलं बराच वेळ,
आणि होतं तिथेच टाकून दिलं.

गाडीत मी तक्ता पुरा केला.
शेरा :
वारा नाही. आकाश स्वच्छ.